फसलेलं नाटक आधी नीट बसवावं लागतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पहिली पटकथा लिहिताय, विनोदी. हायस्कूलमधला नाटकाचा शिक्षक, पंचेचाळिशीचा. शाळा नाटकाचा तास बंद करणार आहे, म्हणून तो मुलांना घेऊन शेवटचं एक नाटक करतो. वाचणारे म्हणतात, पूर्वार्धात हसू येतं आणि प्रयोगाचा पडदा वर गेला की सगळं थंड पडतं. त्या प्रयोगाला तुम्ही सव्वीस पानं दिली आहेत. वर कोणीतरी म्हणालं, ‘हे तर हॅम्लेट २ झालं’, म्हणजे त्या नावाच्या विनोदी चित्रपटासारखं, त्यामुळे कथाच बदलावी का, ही धाकधूक आहे. आणि जाता जाता विचारलंय की मुलांकडून मुद्दाम वाईट अभिनय कसा करून घ्यायचा.

मी बावीस वर्षं आठवी ते दहावीच्या मुलांची नाटकं बसवली. नंतरची काही वर्षं दुसऱ्यांच्या पटकथा दुरुस्त करून दिल्या. त्यामुळे या विषयावर मी थोडा जास्तच बोलतो, ते सांभाळून घ्या.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. म्हणजे तुम्ही प्रेक्षकाला सव्वीस मिनिटं शाळेचं नाटक दाखवणार. स्वतःचं मूल रंगमंचावर असल्याशिवाय एवढा वेळ शाळेचं नाटक कोणी बघत नाही, आणि मूल असलं तरी त्याची एक्झिट झाल्यावर बघत नाही. पण कापून बारा पानांवर आणलंत म्हणून हसू येईल, असंही नाही. तुमच्या सारांशात मी तालमी शोधल्या. एक माँटाज सापडला: गाणं वाजतं, मुलं एकमेकांवर आदळतात, शिक्षक कपाळाला हात लावतो, दीड मिनिटात महिना उडतो. तुमचं दुखणं तिथे आहे, सव्वीस पानांत नाही.

वाईट नाटक आणि फसलेलं नाटक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाईट नाटक बघताना माणूस घड्याळ बघतो. फसलेलं नाटक बघताना हसतो, कारण तिथे काय व्हायला हवं होतं ते त्याला ठाऊक असतं. जे व्हायचं होतं आणि जे झालं, त्या दोघांमधल्या फटीत विनोद असतो. तुमच्या प्रेक्षकाला त्या नाटकातलं ‘व्हायचं होतं’ माहीतच नाही. मग तलवार मोडली काय, मिशी गळाली काय, त्याच्या लेखी सगळं सारखंच.

आमच्या एका नाटकात चोर होता. पाच आठवडे वर्गाच्या दारावर तालीम केली: चोर दार हलकेच ढकलतो, आत येतो, झोपलेल्या म्हाताऱ्याच्या उशाशी उभा राहतो. आधीच्या प्रवेशात त्याचं एक वाक्य होतं, ‘मला अजून कुठल्या दारानं अडवलेलं नाही.’ हे म्हणताना तो मुलगा छाती अशी काही काढायचा की तालमीतही आम्हाला हसू यायचं. प्रयोगाच्या दुपारी नेपथ्य लावणाऱ्या पोरांनी चौकट उलटी बसवली. दार आता बाहेर उघडत होतं. चोरानं ढकललं, हललं नाही. खांदा लावला, अख्खी भिंत डुलली. तिसऱ्या धक्क्याला वरची तसबीर खाली आली. मग झोपलेला म्हातारा उठला, चालत गेला, दार बाहेर लोटलं आणि म्हणाला, ‘या.’ चोर घरचा सज्जन मुलगा. तो म्हणाला, ‘थँक्यू.’ आणि मग त्यानं सुरा काढला.

सभागृह किती वेळ हसत होतं ते मी मोजलं नाही, मी विंगेत जमिनीवर बसलो होतो. पण नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की हशा दारामुळे आला नाही. तो आला त्या छाती काढून म्हटलेल्या वाक्यामुळे. ते वाक्य नसतं, तर लोकांनी ‘दार अडकलं वाटतं’ म्हणून कीव केली असती.

आता हे तुमच्या पटकथेला लावा. प्रयोगात ज्या पाच-सहा गोष्टी बिघडणार आहेत त्या आज कागदावर लिहा. प्रत्येक गोष्ट तालमीत एकदा बरोबर झालेली दाखवा, किंवा ती बरोबर व्हावी म्हणून कोणीतरी जीव टाकताना दाखवा. माँटाज काढून टाका आणि तालमीचे चार पूर्ण प्रवेश लिहा. त्यातला एक तरी तीन-चार मिनिटांचा असू द्या, ज्यात एकच मुलगी एकच वाक्य अकरा वेळा म्हणते. असे प्रवेश निर्मात्याला संथ वाटतात. पण शेवटचा हशा तिथेच पिकतो.

यात नवीन काही नाही. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये कारागिरांची टोळी राज्यकर्त्या ड्यूकच्या लग्नात नाटक करते. टोळीचा म्होरक्या पीटर क्विन्स हा सुतार. तुमच्या शिक्षकाचा तो सगळ्यात जुना पूर्वज म्हणायला हरकत नाही. प्रयोग शेवटच्या, म्हणजे पाचव्या अंकात आहे. पण पहिल्या अंकातच भूमिकांचं वाटप होतं, आणि तिसऱ्या अंकात तालीम. वाटपात बॉटम विणकराला सगळ्याच भूमिका हव्या असतात. स्नग सुताराला सिंह मिळतो; तो बिचारा म्हणतो, मला पाठांतर जमत नाही, आधी लिहून द्या; त्यावर उत्तर मिळतं की नुसती डरकाळीच आहे. तालमीत मोठी चर्चा होते: सिंहाला बघून बायका घाबरल्या तर? चांदणं कुठून आणायचं? भिंत कशी उभी करायची? म्हणून पाचव्या अंकात सिंह पुढे येऊन ‘मी खरा सिंह नाही’ असं समजावतो, तेव्हा आपल्याला त्या वाक्यामागची अख्खी मीटिंग आठवते.

क्विन्सची सुरुवातीची विनवणी तर मी नवीन लेखकांना हटकून दाखवतो. शब्द बरोबर, विराम चुकीच्या जागी. मराठीत करायचं तर असं: म्हणायचं असतं, ‘आम्ही तुम्हाला छळायला आलेलो नाही, हसवायला आलोय.’ आणि घाबरलेला माणूस म्हणतो, ‘आम्ही तुम्हाला छळायला आलेलो. नाही हसवायला आलोय.’ एकही शब्द बदललेला नाही. चौदा वर्षांचं मूल घाबरलं की नेमकं हेच करतं, कारण ते वाक्य पाठ करत नाही, ओळ पाठ करतं. वहीत ओळ जिथे संपली तिथे श्वास घेतं.

हॅम्लेट २ बद्दल. घाबरू नका. तो 2008 चा चित्रपट. दिग्दर्शक अँड्र्यू फ्लेमिंग, पटकथा त्याची आणि पॅम ब्रेडीची, नायक स्टीव्ह कूगन. कथा अॅरिझोनातल्या टूसॉन शहरात घडते, चित्रीकरण मात्र न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीचं. डेना मार्श्झ हा फसलेला नट तिथल्या हायस्कूलमध्ये नाटक शिकवतो, गाजलेल्या चित्रपटांची नाट्यरूपं बसवतो. त्याच्या वर्गात जीव ओवाळून टाकणारे दोनच विद्यार्थी. मग बाकीचे ऐच्छिक विषय बंद पडतात आणि ज्यांना नाटकाशी काही घेणंदेणं नाही अशी मुलं त्याच्या तासाला येऊन बसतात. शाळा नाटकाचा विभाग बंद करायला निघते, आणि डेना ‘हॅम्लेट’चा पुढचा भाग लिहायला बसतो.

आता ‘विभाग बंद होणार, एक शेवटचा प्रयोग’ हा सांगाडा कोणाच्याच मालकीचा नाही. तो सार्वजनिक बाकासारखा आहे, कोणीही बसावं. त्या चित्रपटाचं स्वतःचं असं जे आहे ते वेगळंच: हॅम्लेटच्या शेवटी जवळपास सगळे मेलेले असतात, मग दुसरा भाग काढायचा कसा? डेनाचं उत्तर, कालयंत्र. हॅम्लेट मागे जातो आणि लोकांना वाचवतो. ऐकायला शुद्ध वेडेपणा. पण डेनाचं स्वतःच्या बापाशी न मिटलेलं काहीतरी आहे, आणि मूळ हॅम्लेटचं सगळं प्रकरणही बापापासूनच सुरू होतं. मागे जाऊन सगळं दुरुस्त करायची इच्छा त्या माणसाच्या आत आहे, म्हणून ते कालयंत्र नाटकात आलंय. नाटक जितकं हास्यास्पद, तितकं त्यात तो जास्त उघडा पडतो.

त्यातलं आणखी एक पात्र मला फार आवडतं. शाळेच्या वर्तमानपत्रात नाट्यपरीक्षण लिहिणारा एवढासा पोरगा. मोठा माणूस त्याच्यापुढे थरथरतो. विनोदी चित्रपटात टीकाकार जेवढा लहान, तेवढा जड.

याच चित्रपटाचं एक व्यावहारिक टोकही सांगून ठेवतो. जानेवारी 2008 मध्ये सनडान्स महोत्सवात तो दाखवला गेला, प्रेक्षक लोळले, आणि फोकस फीचर्स या चित्रपट कंपनीनं 1 कोटी डॉलरला हक्क घेतले. अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत गल्ला 50 लाख डॉलरच्याही आत राहिला. महोत्सवात बसलेल्यांपैकी निम्म्यांनी कधी ना कधी वाईट नाटकात काम केलेलं असतं. ते स्वतःला हसतात. बाहेरच्या प्रेक्षकाकडे ती आठवण नसते, त्याला ती चित्रपटातच द्यावी लागते. म्हणून मी तालमी तालमी करतोय.

तुमच्या कथेला विचारायचा प्रश्न मग असा: तुमच्या शिक्षकानं नेमकं हेच नाटक का निवडलं? तुमच्या सारांशात लिहिलंय, ‘एक ऐतिहासिक नाटक’. एवढ्यानं भागणार नाही. त्याला जे स्वतःच्या तोंडानं म्हणता येत नाही ते तो पंधरा वर्षांच्या पोराच्या तोंडी घालतोय, असं नाटक हवं. बायको सोडून गेली असेल, तर नाटकातली राणी परत यायला हवी, मूळ संहितेत ती येत नसली तरी. मुलांना ते कळत नाही, पहिल्या बाकावरच्या एका मुलीला सोडून. ती त्याला विचारते, ‘सर, राणी का परत येते?’ तो म्हणतो, ‘नाट्यदृष्ट्या गरज आहे.’ हा प्रवेश तुम्ही लिहून बघा, मला वाटतं तुमचा चित्रपट तिथे सुरू होतो.

एक सूचना ओझरती. नाटक दुसऱ्याचं घेणार असाल तर हक्कांचं आधी बघा. शेक्सपिअर मोकळा आहे, पण त्याचा अलीकडचा अनुवाद मोकळा नसतो. स्वतः लिहिलेलं बरं, आणि ते शिक्षकानं लिहिलंय असं दाखवलंत तर आणखी बरं.

मुख्याध्यापकांना तुम्ही खलनायक केलंय. काढा ते. तुमच्या पानांत त्या बाई नाटकाचा द्वेष करतात, कारण काय तर त्या मुख्याध्यापक आहेत. बावीस वर्षांत मला द्वेष करणारं कोणी भेटलं नाही. भेटले ते बरोबर बोलणारे लोक. ‘तालमीला सभागृह दिलं तर परीक्षेचे बाक कुठे लावू?’ ‘नववीतल्या चौदा मुलांनी गणिताचे सहा तास बुडवलेत, त्यांच्या पालकांना तुम्ही भेटणार का?’ ‘रंगमंचामागचं दार तुम्ही पडद्यानं झाकलंय, आग लागली तर?’ या प्रश्नांना माझ्याकडे एकदाही उत्तर नव्हतं. समोरचा बरोबर असतो तेव्हा शिक्षक खोटं बोलतो, आणि खोटं हे विनोदाचं इंधन. ब्रिटिश चित्रपट ‘नेटिव्हिटी!’ (2009, दिग्दर्शन डेबी इसिट) बघा. प्राथमिक शाळा आहे, कॉव्हेंट्रीतली. मार्टिन फ्रीमनचा शिक्षक फुशारकीच्या भरात सांगून बसतो की नाटक बघायला हॉलिवूड येणार. मग माघार नाही. ‘वेटिंग फॉर गफमन’ या चित्रपटात क्रिस्टोफर गेस्टनं हीच गोष्ट एका छोट्या गावाच्या हौशी नाटकात घातली: न्यू यॉर्कचा बडा माणूस येणार म्हणून पहिल्या रांगेत जागा राखलेली, आणि तिथे येऊन बसतो भलताच माणूस. नाटक चालू असताना सगळ्यांचं लक्ष त्या एका खुर्चीकडे. तुमच्या सभागृहात अशी खुर्ची नाही. असायला हवी.

खुर्चीवरून चेहऱ्यांकडे येतो. तुमच्या सव्वीस पानांतली मला वाटतं वीस पानं फक्त रंगमंचावर आहेत. कॅमेरा तिथे अडकला की चित्रपट थांबतो आणि ध्वनिचित्रमुद्रण सुरू होतं. खुद्द हॅम्लेटमध्येच याचं उत्तर आहे. हॅम्लेट राजासमोर, म्हणजे स्वतःच्या काकासमोर, नाटक लावतो, त्यात राजानं केलेल्या खुनासारखाच खून असतो, आणि मित्राला, होरेशियोला, सांगून ठेवतो की तू काकाच्या चेहऱ्यावर नजर ठेव, मीही ठेवतो. नाटकात नाटक असलं की खरा प्रवेश प्रेक्षकांत घडतो, हे त्यानं संकलन नावाची गोष्ट जन्माला यायच्या तीनशे वर्षं आधी सांगितलं.

मेल ब्रुक्सच्या ‘द प्रोड्यूसर्स’मध्ये (1967) दोन लबाड निर्माते मुद्दाम पडेल असं नाटक लावतात, हिटलरचं कौतुक करणारं संगीतक. पहिलं गाणं संपतं आणि कॅमेरा प्रेक्षकांवर येतो. कोणी ओरडत नाही, कोणी हसत नाही. नुसते आ वासलेले, थिजलेले चेहरे. चित्रपटगृहातला प्रेक्षक तिथे फुटतो. सभागृहातले लोक हसायला लागतात ते नंतर, आणि ते हसायला लागतात तेव्हा निर्मात्यांचा सत्यानाश सुरू होतो. हा क्रम गिरवा. पडद्यावरचा प्रेक्षक कधीही आपल्या प्रेक्षकाच्या आधी हसता कामा नये. तुम्ही तर पान ८४ वर लिहिलंय, ‘सभागृहात हास्याचा स्फोट’, आणि तिथे माझ्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. दुसऱ्यानं आधीच हसून घेतलं की आपल्या वाट्याला काही उरत नाही.

शाळेच्या नाटकाचा प्रेक्षक तर सहजासहजी हसतही नाही, हे लक्षात घ्या. तिथे दोनशे माणसं दोनशे वेगवेगळी नाटकं बघत असतात. झाडाचं काम करणाऱ्या मुलाची आई झाडाकडे बघते. मध्यभागी खून चाललाय आणि ती माऊली झाडाला खुणावतेय, ‘हात वर ठेव.’ मागे एक बाप स्वतःच्या मुलीची वाक्यं ओठांनी म्हणतोय, कारण रोज संध्याकाळी त्यानंच पाठ करून घेतलीत. ती अडकली की त्याचे ओठही थांबतात. आणि विंगेत प्रॉम्प्टिंग करणारी मुलगी. अहो, तिच्यावर कॅमेरा न्या! तिला सगळं नाटक पाठ आहे, सगळ्यांचं. ती तिथे बसलीय, कारण निवडीच्या दिवशी तिचा आवाज फुटला नाही. नायिका वाक्य विसरते तेव्हा त्या मुलीच्या चेहऱ्यावर क्षणभर जे येतं, ते मी दोनदा बघितलंय. मदत करायच्या आधीचा तो एक क्षण. लिहा तो.

मुलं रंगमंचावर खरोखर कशी चुकतात, हे तुमच्या पानांत दिसत नाही. तिथे पडणं, धडपडणं आणि विग गळणं आहे. ते मोठ्यांच्या कल्पनेतलं मूल झालं. खरं मूल वाक्य विसरलं की परिच्छेदाच्या सुरुवातीला परत जातं आणि सगळं पुन्हा म्हणतं, या वेळी दुप्पट वेगानं, धावत येऊन खड्डा ओलांडावा तसं. दुसऱ्याचं वाक्य चालू असताना त्याचेही ओठ हलतात. ‘समोर बघ, समोर बघ’ असं शिक्षक महिनाभर ओरडलेला असतो, म्हणून आईच्या मांडीवर मरतानाही ते आईकडे न बघता लोकांकडे बघून मरतं. कंसातल्या सूचना वाचून टाकणारं एक तरी असतंच: ‘रागाने, चालता हो.’

आणि उडी. संहितेत एकसारखी दोन वाक्यं असली की घात. आमच्याकडे पहिल्या अंकात आणि तिसऱ्या अंकात ‘तो आला तर?’ असा प्रश्न होता. मुलीनं पहिल्या अंकात प्रश्न विचारला, मुलानं तिसऱ्या अंकातलं उत्तर दिलं, आणि पुढचे सगळे मेंढरांसारखे त्याच्या मागून गेले. तेवीस पानं गायब. त्या तेवीस पानांत एक खून होता. ज्याचा खून व्हायचा तो मुलगा छातीला लाल रंग लावून विंगेत उभा. पडायची तालीम त्यानं घरी गादीवर केली होती, आजी बघायला आली होती. रंगमंचावर लग्न सुरू झालं. मी त्याला हातानं थांबवत होतो. तो माझ्याकडे बघून ‘सर, सॉरी’ म्हणाला, लग्नात गेला, वऱ्हाडाच्या मधोमध उभा राहिला आणि एकटाच, कोणी न मारता, अप्रतिम मेला. नवऱ्यानं त्याला ओलांडून हार घातला.

हे तुम्ही वापरलंत तरी चालेल. फक्त आजी आधी दाखवा. गादीही.

वाईट अभिनयाबद्दल आता. मुलांना ‘वाईट कर’ म्हणालात तर ती मोठी माणसं टीव्हीवर वाईट अभिनयाची नक्कल करतात तशी करतील, आणि ते बघवत नाही. मुलांना मनापासून चांगलं करायला सांगा आणि वाटेत एक अडथळा ठेवा. टोप एक बोट मोठा द्या. चालताना वाजणारे बूट द्या. गंभीर मुलाच्या हातात दोन्ही हात अडकतील असं सामान द्या आणि मग त्याला आसवं पुसायचा प्रसंग द्या. डोळ्यांत जर ‘मी विनोद करतोय’ असं दिसलं, तर तो टेक फेका. खुद्द हॅम्लेट नटांना बजावतो की विदूषकांनी लिहिलंय त्याच्या बाहेर बोलू नये. बावीस वर्षं मीही तेच बजावत आलो, उपयोग तेवढाच झाला.

‘लेडी बर्ड’मध्ये (2017) एक छोटासा प्रसंग आहे. शाळेचं नाटक बसवणारे फादर मध्येच सुटतात आणि फुटबॉलचे प्रशिक्षक त्यांच्या जागी येतात. नाटक शेक्सपिअरचं ‘द टेम्पेस्ट’. तो माणूस फळ्यावर फुल्या आणि गोल काढून मुलांच्या हालचाली समजावतो, सामन्याची आखणी करावी तशी. तो विनोद करत नाहीये. त्याला येतं त्या भाषेत तो जीव तोडून नाटक शिकवतोय. शिवाय, आम्ही ब्लॉकिंग, म्हणजे रंगमंचावर कोणी कुठून कुठे जायचं ते, आखतो ते याहून फार वेगळं नसतं. मला आधी हसू आलं आणि मग माझ्या जुन्या वह्या आठवल्या.

तुमच्या शिक्षकासाठी एक गोष्ट मी राखून ठेवली होती, ती देतो. शाळेच्या नाटकात सगळी मुलं एकाच चालीत बोलतात. राजा, दासी, सेनापती, चोर, सगळ्यांचा सूर एक. कारण प्रत्येकाला वाक्य म्हणून दाखवलेलं असतं एकाच माणसानं. मी वाक्याच्या शेवटी उजवा हात थोडा बाहेर काढतो, पाऊस पडतोय का बघावं तसा. मला हे माहीत नव्हतं. एका प्रयोगाला मी विंगेऐवजी सभागृहात मागे बसलो, तेव्हा दिसलं: राजानं हात काढला, दासीनं काढला, सेनापतीनं तलवार धरलेला हात बदलून उजवा काढला. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई नवऱ्याला म्हणाली, ‘हे सगळे एकाच घरातले दाखवलेत का?’

तुमचा शिक्षक प्रयोगाच्या वेळी नेपथ्यामागे धावपळ करतोय, दोऱ्या ओढतोय. एकदा त्याला सभागृहात आणून बसवा. सहा मुलं त्याच्यासारखा घसा खाकरतात, त्याच्यासारखं थांबतात, त्याच्यासारखी डावी भुवई चढवतात. पहिल्यांदा आपला प्रेक्षक हसेल, दुसऱ्यांदा जास्त हसेल. तिसऱ्यांदा ती राणी परत येते, जी त्यानं स्वतः लिहून परत आणलीय, आणि नववीतली एक मुलगी त्याच्याच आवाजात, त्याच्याच चालीत त्याला सांगते की ती परत का आली. तिथे तुम्ही संवाद कमी लिहा. मागच्या रांगेतल्या त्या माणसाचा चेहरा पुरेल.

एवढं झालं की प्रयोगाची पानं आपोआप तेरा-चौदावर येतील, त्यातली निम्मी रंगमंचाबाहेरची. तालमीची वाढून अठरा-वीस होतील. पुढचा खर्डा पाठवाल तेव्हा प्रयोग पाठवू नका, तालमीच पाठवा. आणि दार कुठल्या बाजूला उघडतं ते पहिल्याच तालमीत कोणीतरी मोठ्यानं विचारलेलं असू द्या.